चार बाराची नोंद

४ जुलै

अण्णा,

पोचले. खोली मिळाली. खिडकीतून बस आगाराची मागची भिंत दिसते आणि बसगाड्या दिवसभर मागे घेताना वाजवतात तो टीं-टीं आवाज येतो. त्याची सवय होईल. तुमच्या भोंग्याखाली वाढलेल्या मुलीला आवाजाचं काय!

घड्याळकाका, तुम्ही हे पत्र अण्णांच्या कानाशी मोठ्याने वाचाल, त्याशिवाय त्यांना ऐकू जाणार नाही. तेव्हा या वेळी दुकानाचं दार लावून घ्या, आणि मधलं काही गाळू नका. तुम्ही गाळता, मला माहीत आहे. गेल्या वर्षी मला ताप आल्याचं लिहिलं होतं, ते तुम्ही त्यांना सांगितलंच नाही.

अण्णा, तुम्ही नेहमी विचारता, आपत्ती व्यवस्थापनात नक्की काय शिकवतात, संकट आलं की पळायचं एवढं शिकायला तीन वर्षं कशाला? तर या तिसऱ्या वर्षी आम्हाला जुनी संकटं शिकवतात. घडून गेलेल्या एकेका घटनेची फाइल मिळते. कुणी कुणाला किती वाजता काय कळवलं, त्याचे सगळे कागद. मग मिनिटामिनिटाचा घटनाक्रम लांब कागदी पट्टीवर लिहून ती पट्टी भिंतीला लावायची आणि व्यवस्था कुठे उसवली ते दाखवायचं. शिकवणारे सर तीस वर्षं अग्निशमन दलात होते. डाव्या हाताला तीनच बोटं आहेत. कुणी ‘सॉरी सर, उशीर झाला’ म्हटलं की म्हणतात, ‘मला काय सांगतोस, ज्याचं घर जळतंय त्याला सांग.’

सोमवारी त्यांनी एक केस घेतली. तिला इथे सगळे ‘न हललेली बाई’ म्हणतात, दर वर्षी शिकवतात. भिंतीवर नकाशा आला आणि मी हातातलं पेन खाली ठेवलं. वर टेकडीवर भोंगाघर, खाली उतरणाऱ्या पायऱ्या, मधली आळी, खालची आळी, नदीकाठ. गावाच्या नावावर काळी पट्टी मारली होती. पण आपली आळी मला कोण ओळखायला शिकवणार? तीन वर्षांपूर्वीचा आपल्याकडचा पूर, अण्णा. आणि ती बाई म्हणजे आपली इस्त्रीवाली मावशी.

चौकशी अहवालात असं आहे: धरणातून पाणी सोडल्याचा निरोप भोंगाघरात ४.१० ला छापून आला. भोंगा ४.१२ ला वाजला. काठावर पाणी ४.३१ ला पोचलं. म्हणजे मावशीला एकोणीस मिनिटं मिळाली आणि ती शर्टाची घडी घालत उभी राहिली. ‘मृत व्यक्तीने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले.’ वर्गातला एकजण म्हणाला, ‘अशांना उचलूनच न्यायला पाहिजे.’ मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘शर्टासकट!’ सगळे हसले. मी हसले का, ते मला आठवत नाही, आणि तेच मला चार दिवस छळतंय. माझ्या शाळेचा गणवेश ती सहा वर्षं इस्त्री करून द्यायची, आधी माझा, मग गिऱ्हाइकांचे.

मग कागद हातोहात फिरले. त्यात भोंगाघराच्या नोंदवहीची प्रत होती. ‘४.१२, भोंगा दिला.’ अक्षर माझं आहे. माझ्या चारचा वरचा कान मोठा येतो, तसा आलाय.

मी कुणाला काही बोलले नाही. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा ही केस माझ्याच वाट्याला आली. २२ ऑगस्टला मला पट्टी लावून समजवायची आहे.

एकच विचारते. त्या दिवशी भोंगा देताना तुम्ही घड्याळ पाहिलं होतं ना? टाचणी भेटली तर तिला यातलं काही सांगू नका. तिच्या आईवर इथे लोक हसतात हे तिला कशाला कळायला हवं.

तुमची,
पोरगी


१३ जुलै

पोरी,

दार लावून वाचलं. तुझा अण्णा बोलतोय ते जसंच्या तसं उतरवतोय.

तो म्हणतो, इकडे सगळं ठीक आहे. पाणी बेताचं आहे. गुडघा आहे तसाच. भोंगाघराचं पत्र्याचं छप्पर बदललं, आता गळत नाही. तू वेळेवर जेव. बसच्या आवाजाचं मनावर घेऊ नको. (मी म्हटलं, तिने घड्याळाचं विचारलंय. तो म्हणाला, लिही, घड्याळ चालू होतं. मी म्हटलं, चालू होतं हे मला माहीत आहे, दर सहा महिन्यांनी त्यात सेल मी घालतो. तू पाहिलंस का, असं ती विचारते. तो म्हणाला, पुढचं लिही.)

तो म्हणतो, त्या फाइलीत आपलं गाव आलं हा योग आहे, तुला सोपं जाईल. जे छापलंय ते नीट पाठ कर. साहेब लोकांनी चौकशी केली आहे, त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे.

टाचणी आईची गाडी चालवते. अजून तशीच बारीक आहे. रोज सकाळी पायऱ्या चढून माझा सदरा वर आणून देते.

तुझा अण्णा

(हे माझं स्वतःचं: चारचा कान मोठा येतो हे खरं आहे. तू सहावीत असताना मी तुला सांगितलं होतं. बाकी हा विषय त्याच्यापाशी वाढवू नको. पत्र ऐकल्यापासून तो दुकानात बसतो आणि काही बोलत नाही. ऐकू न येणारा माणूस बोलेनासाही झाला, तर मी दिवसभर करायचं काय?

घड्याळकाका)


२१ जुलै

अण्णा,

काका म्हणतात विषय वाढवू नको, पण तो आपोआप वाढलाय.

फाइलीच्या शेवटी जे कागद असतात ते कुणी वाचत नाही. मला सगळं वाचल्याशिवाय चैन पडत नाही, तुम्हाला माहीत आहे. तिथे वीज उपकेंद्राचा एक तक्ता होता. आपल्या भोंग्याची मोटर मोठी आहे, ती सुरू झाली की उपकेंद्रात काटा उडी मारतो आणि तिथला माणूस ते लिहून ठेवतो. त्या दिवशी त्याने लिहिलंय, ‘४.३४, भोंग्याचा भार.’ त्याआधी काही नाही. ४.१२ ला काटा हललेला नाही.

चार चौतीस, अण्णा. पाणी काठावर आल्यानंतर तीन मिनिटांनी.

मला वाटलं, त्याचं घड्याळ चुकीचं असेल. मग मी इतर नोंदी ताडून पाहिल्या. शाळा सुटल्याची, धरणाची, दवाखान्याची. त्याचं घड्याळ एका मिनिटाचाही फरक दाखवत नाही. मधल्या आळीत पाणी पाचनंतर चढलं, म्हणून तिथल्या सगळ्यांना भोंगा वेळेवर वाजल्यासारखा वाटला. उशीर झाला तो फक्त अगदी काठावर असलेल्या माणसाला. त्या वेळी काठावर एकच गाडी उघडी होती.

मावशीने दुर्लक्ष केलं नाही. दुर्लक्ष करायला तिला काही ऐकूच आलं नव्हतं.

मी प्रवेश परीक्षा देऊन दोन दिवसांनी परत आले, तो दिवस मला आठवतो. दुसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब येणार होते. तुम्ही नेहमीसारखी वही माझ्यासमोर ठेवलीत, निरोपाच्या छापील पट्ट्या ठेवल्यात, आणि मी एकेक उतरवत गेले. त्या नोंदीशी आल्यावर मी विचारलं, ‘भोंगा किती वाजता?’ तुम्ही थांबलात. मग म्हणालात, ‘बारा लिही.’ तुम्ही थांबलात, ते माझ्या लक्षात आलं होतं. मी मान वर करून तुमच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर विचारावं लागलं असतं.

हे मी तीन वर्षं कुठे ठेवलं होतं कोण जाणे.

अण्णा, बावीस मिनिटं तुम्ही कुठे होता? मला ओरडा, काही करा, पण सांगा.

तुमची,
पोरगी


२९ जुलै

पोरी,

तुझा अण्णा सांगतो ते लिहितोय.

तुला शिकायला पाठवलं ते माझ्या कामावर लाल रेघा मारायला नाही. अठ्ठावीस वर्षं भोंगा सांभाळला. या कानांत आता मधमाश्यांखेरीज काही वाजत नाही, ते त्यापायीच. मार्चमध्ये सुटणार आहे. मला शाल नको, नारळ नको, फक्त गुपचूप खाली उतरू द्या.

मावशी परत येणार आहे का? नाही. मग कुणासाठी उकरतेस? छापून आलेलं आहे, दर वर्षी मुलं पाठ करतात, तूही कर. गुण मिळव, नोकरीला लाग. तुझ्या सरांना म्हणावं, त्या उपकेंद्रातला माणूस दारू प्यायचा. (हे खोटं आहे, तो पानसुद्धा खात नाही. पण सांगितलं ते लिहिलं.)

पुढे या विषयावर पत्र पाठवलंस तर मी वाचून घेणार नाही.

(इथे तो उठून गेला. सही राहिली.)


२९ जुलै, त्याच दिवशी

बाळ,

हे वेगळ्या पाकिटात पाठवतोय. अण्णाला माहीत नाही. तो मला सोडणार नाही, पण माझं वय बघता तो फार काळ रागावून राहू शकणार नाही.

बावीस मिनिटं तो माझ्याकडे होता. म्हणजे येत होता, होता, आणि जात होता.

त्याला आकडे वाचता येतात, अक्षरं येत नाहीत, हे आळीत तुला आणि मलाच माहीत. कार्यालयात कुणालाही नाही. तो कामाला लागला तेव्हा वर एक फोन होता आणि एक बटण. फोनवर सांगायचे, दे भोंगा, की तो द्यायचा. पुढे त्याचे कान गेले. सगळ्याच भोंगेवाल्यांचे जातात. म्हणून कार्यालयाने फोन काढून निरोप छापणारं यंत्र बसवलं. ऐकू येत नाही ना, मग वाचा! विचारायला आलेल्या साहेबाने पाटी-पेन्सिल घेऊन ‘वाचता येतं?’ असं लिहून दाखवलं. अण्णाने मान डोलावली. त्यात काय लिहिलंय तेही त्याला कळलं नव्हतं.

मग तू होतीस. शाळेतून आलीस की पट्ट्या वाचायचीस, वही लिहायचीस. दिवसा तो लांबीवरून ओळखायचा. आखूड पट्टी आणि आकडे म्हणजे पाण्याची पातळी. लांब पट्टी म्हणजे काहीतरी हुकूम. एकदा लांब पट्टी आली म्हणून त्याने भोंगा दिला होता, आठवतं? अख्खी आळी टेकडीवर धावली आणि निघालं काय, तर नव्या गणवेशाची मापं पाठवा असा निरोप! साहेबाने सगळ्यांसमोर त्याची सालटी काढली. त्यानंतर वाचून घेतल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, असं त्याने ठरवलं.

त्या मंगळवारी लांब पट्टी आली आणि तू परीक्षेला गेली होतीस. तो एकशे चाळीस पायऱ्या उतरून दुकानात आला. मी एका बायकी घड्याळात स्प्रिंग बसवत होतो, चिमट्यात धरलेली होती. मी हाताने खूण केली, दोन मिनिटं थांब. तो थांबला. त्याला काय माहीत पट्टीत काय आहे. मला तरी काय माहीत. ते घड्याळ मी पुढे त्या गिऱ्हाइकाला फुकट दिलं, पण त्याने काय होतं.

वाचलं, आणि त्याला कानात ओरडून सांगितलं. त्याने मला विचारलं, ‘खालच्या आळीत ओरडत जाऊ की वर जाऊन भोंगा देऊ?’ मी म्हणालो, वर. तो गेला. त्याचा गुडघा तुला माहीत आहे. मी काठी घेऊन ओरडत खाली निघालो, मधल्या चौकापर्यंत पोचलो. त्यापुढे नाही पोचलो.

आता महत्त्वाचं. तो स्वतःसाठी तुला अडवत नाही. सरकारी वहीत खोटी नोंद आहे आणि अक्षर तुझं आहे. उद्या तुला हेच काम करायचंय. त्याची झोप त्यामुळे उडाली आहे.

हे वाचून फाडून टाक. किंवा नको फाडू. मला काही कळत नाही.

घड्याळकाका


७ ऑगस्ट

अण्णा,

हे वाचून घ्या. शेवटचं म्हणून घ्या. काकांना रागावू नका, त्यांनी मला सगळं लिहिलंय.

मी तुम्हाला ‘कुठे होता’ असं विचारलं, त्याची मला आता शरम वाटते. प्रश्न विचारताना मी उत्तर ठरवून बसले होते. मला वाटलं होतं, तुम्ही कुणाशी तरी गप्पा मारत होता किंवा डोळा लागला होता. माझ्या मनात हे आलं, तुमच्याबद्दल.

तुम्हाला सहीपुरती अक्षरं मी गिरवायला शिकवली तेव्हा मी दुसरीत होते. तिथेच का थांबले? सही आली, पगार मिळाला, काम झालं. पुढच्या अक्षरांसाठी दिवसाला दहा मिनिटं मला मिळाली नसती का? उलट रोज पट्ट्या वाचून दाखवताना मला मोठेपणा वाटायचा. घरात वाचणारी मी एकटी!

अण्णा, मला काय करावं सुचत नाही. वर्गात बसते तेव्हा सरांचं बोलणं ऐकू येत नाही. तीनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. काल ताटातलं अन्न तसंच टाकून उठले आणि मग ताट घासताना रडू आलं, तर शेजारचीला वाटलं घरची आठवण आली.

गप्प बसावं म्हणते, तर गप्प बसण्याची किंमत माझ्याकडून कुणी घेत नाही, ती दुसरेच देतात. आपल्या काठावर दुसरा छोटा भोंगा बसवायचा अर्ज आळीने केला होता ना? तो का नाकारला, ते फाइलीत आहे. ‘उपलब्ध इशारा पुरेसा होता. समस्या नागरिकांच्या वर्तनाची आहे.’ माझ्या एका ओळीवरून, अण्णा. माझ्या चार बारावरून. काठावर टाचणी उभी असते. पुढच्या वेळी तिच्यावर पाणी येईल आणि वर्गातली मुलं म्हणतील, आईवर गेली.

मी सरांना खरं सांगणार आहे. पण तुम्हाला वाचता येत नाही हे त्यात येणार, ते टाळून खरं सांगताच येत नाही. म्हणून तुमची परवानगी हवी. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही, हा शब्द देते. वीस तारखेच्या आत कळवा. हात जोडते.

तुमची,
पोरगी


१५ ऑगस्ट

पोरी,

तुझा अण्णा सांगतो: तुझं काम मी करून टाकलं. काल कार्यालयात जाऊन आलो. साहेबांना म्हणालो, त्या दिवशी भोंगा उशिरा दिला, साडेचारला. कारण विचारलं. मी म्हणालो, झोप लागली होती. त्यांनी कागद केला, मी सही केली. वहीतलं अक्षर कुणाचं, असं विचारलं. मी म्हणालो, माझं. तू शिकवलेली सही समोर होतीच. एवढी चांगली सही करणारा माणूस वहीसुद्धा लिहीत असणार, असंच त्यांना वाटलं.

कामावरून काढून घरी बसवलं आहे. वर दुसरा माणूस आला. सरकारी घर रिकामं करायला महिना दिला आहे, मी काकाच्या माळ्यावर राहीन. आता तुझ्या पट्टीवर खरी वेळ लिही, आणि लिही की भोंगेवाला झोपला होता. मावशीवरचा डाग गेला, तुझं नावही नाही आलं. याहून जास्त खरं कुणाला लागतंय?

परवानगी मागितलीस. तुझ्या म्हणण्याप्रमाणे सांगायला माझी परवानगी नाही. माझ्या म्हणण्याप्रमाणे सांगायला आहे.

तुझा अण्णा

(माझं: मी त्याला अडवायला हवं होतं, पण तो मला न सांगताच गेला, तेही माझा कोट घालून. आळीत बातमी एका दिवसात फिरली. पोरं त्याला ‘झोप्या’ म्हणतात. तो हसतो. त्याला ऐकू जात नाही, पण तोंडं दिसतात. काल टाचणी दुकानात आली, त्याच्यासमोर उभी राहिली, आणि मला म्हणाली, ‘काका, त्यांना विचारा, दुपारी चारला कसली झोप?’ मी विचारलं नाही. तिने सदरा काउंटरवर ठेवला. इस्त्री न केलेला. म्हणाली, ‘तीन वर्षं मी आईला शिव्या घालत होते, ऐकलं का नाहीस म्हणून. आता ते कुणाकडे परत मागू?’ आणि गेली.

मी खरं सांगायला तोंड उघडलं तर त्याने माझा हात धरला. एवढ्या जोरात कधी धरला नव्हता.

घड्याळकाका)


२४ ऑगस्ट

अण्णा,

मी शब्द मोडला. आधी तेच लिहिते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला उगाच आशा वाटायला नको.

तुमचं पत्र सतराला मिळालं. चार दिवस ते वहीत ठेवून फिरले. तुम्ही सांगितलंत तसं लिहून पाहिलं. ‘भोंगेवाला झोपला होता.’ तीन शब्द. किती सोपं पडतं ते! एक माणूस झोपला, त्याला काढला, दुसरा आणला, झालं. कुणाला काही बदलायला नको. नवा माणूससुद्धा विश्वासाने वर जाऊन बसला.

२२ ला पट्टी भिंतीला लावली. सर आधीच म्हणाले, ‘कार्यालयाचं कालच पत्र आलंय. भोंगेवाल्याने कबूल केलं, झोपला होता. तुझी केस बदलली, पोरी. संपली म्हण ना.’

मी म्हणाले, ‘झोपला नव्हता, सर.’

‘तुला काय माहीत?’

‘ती नोंद मी लिहिली आहे.’

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, मग हसायचं थांबलं. मी सगळं सांगितलं. अक्षर माझं, वडील माझे, ते थांबले तेव्हा मी मान वर केली नाही, हेसुद्धा. त्यांना वाचता येत नाही हे सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की सर म्हणाले, ‘पुन्हा सांग, मागे ऐकू गेलं नाही.’ मग ते मला दुसऱ्यांदा मोठ्याने सांगावं लागलं. चाळीस जणांसमोर. तुम्ही अठ्ठावीस वर्षं जे झाकलंत ते मी दोनदा सांगितलं, अण्णा.

सर पट्टीपाशी आले. म्हणाले, ‘खाली ओरडत न जाता वर गेला, ते त्याने बरोबर केलं. खाली गेला असता तर एक वाचली असती, कदाचित. मधल्या आळीतली शंभर माणसं पाण्यात राहिली असती.’ हे मी तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही, त्यांनी म्हटलं म्हणून लिहिते. काका, हे तुमच्यासाठीही आहे. तुमची ती दोन मिनिटं मी पट्टीवर लावली आहेत, लपवली नाहीत. तुम्ही ती मला आपण होऊन दिली होती.

मग सरांनी वर्गाला विचारलं, ‘या नदीवर भोंगाघरं किती?’ कुणीतरी म्हणालं, एकेचाळीस. ‘त्यांतल्या किती भोंगेवाल्यांना वाचता येतं?’ कुणालाच माहीत नव्हतं. सरांनाही नव्हतं. दर वर्षी ही केस शिकवत होते, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘हा प्रश्न मला पडायला हवा होता.’

वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं.

‘खोटी नोंद आहे. समिती बसेल. वर्ष जाऊ शकतं, नावही काढू शकतात. कळतंय ना?’

‘हो.’

‘मी तुझ्या बाजूने बोलेन. पण मी एकटा आहे.’

‘हो, सर.’

‘वडिलांना विचारलंस?’

‘विचारलं. ते नाही म्हणाले.’

त्यांनी हातातला खडू खाली ठेवला आणि पुसायला फडकं शोधू लागले.

समिती सोमवारी आहे. माझी बॅग भरून ठेवली आहे, म्हणजे ऐनवेळी धांदल नको. पट्टीची एक प्रत सरांच्या पत्रासोबत कार्यालयात गेली. तुमची सही असलेला तो कागद खोटा आहे, असं त्यात लिहिलंय, आणि खाली माझं पूर्ण नाव आहे. टाचणीला वेगळं पत्र टाकलं आहे. तिला सगळं लिहिलंय, माझ्या ओळीसकट. ती मला माफ करणार नाही, आणि मी तशी विनंतीही केलेली नाही. तुमच्या दारात येऊन ती काय बोलेल ते मला माहीत नाही. तुम्ही काकांचा हात धरू नका. तिला बोलू द्या.

तुम्ही माझ्यावर रागावणार. मला पत्र पाठवणार नाही, काकांनाही पाठवू देणार नाही. झोप्या म्हणून घेणं तुम्हाला परवडत होतं, अडाणी म्हणून घेणं नाही, हे मला ठाऊक होतं, तरी मी केलं. तुम्ही मला वाचवायला खोटं बोललात आणि मी ते घेतलं नाही. 

पण एक ऐकाच. कार्यालयाच्या कागदावर तुम्ही बावीस मिनिटं झोपलेले आहात. माझ्या पट्टीवर तसं नाही. ४.१२ ला तुम्ही पट्टी घेऊन भोंगाघराबाहेर पडता. ४.२० पर्यंत पायऱ्या उतरत आहात. ४.२२ पर्यंत काउंटरसमोर उभे आहात. ४.२३ ला तुम्हाला कळतं. मग चढताय. चढायला उतरण्यापेक्षा तीन मिनिटं जास्त लागली, ती कशात गेली ते दाखवावं लागतं, म्हणून तिथे मी गुडघा लिहिला. ४.३१ ला पाणी काठावर येतं तेव्हा तुम्ही चढतच आहात. ४.३४ ला बटण दाबता.

मधे एकही मिनिट रिकामं नाही, अण्णा. मी दोनदा मोजलं.

पोरगी